पाच ट्रंका आणि एक जातं

“जातं आधी उतरवा. हळू! खुंटी सैल आहे त्याची.”

टेम्पोच्या फळकुटावर उभी राहून आवा ओरडत होती. साठी ओलांडलेली बाई, डोक्यावरचा पदर घट्ट आवळलेला, एका हातानं टेम्पोचा दांडा धरलेला. ड्रायव्हर आणि माझा नवरा शीतल, दोघं मिळून तिचं सामान आमच्या अंगणात मांडत होते. पाच पत्र्याच्या ट्रंका, लहान जातं, विहिरीचं पाणी शेंदायची पितळी कळशी, दोर, गाळायच्या कापडाचं बोचकं. एखादं लग्नघर उतरतंय असं वाटावं.

मी बाळीला खांद्यावर घेऊन दारात उभी होते. पाच महिन्यांची होती तेव्हा ती. आवानं तिच्याकडं बघितलं, पण घेतलं नाही.

“हात धुवायचेत,” ती म्हणाली. मग अगदी हळू, “चंदू, आजही नाही मिळाली गं विधी.”

आवा म्हणजे माझी आई. कृष्णाकाठच्या आमच्या जैन घरांत आईला आवाच म्हणतात. आणि विधी मिळाली नाही ती माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. सहा वर्षांपूर्वी तिनं दीक्षा घेतली होती. आर्यिका झाली, म्हणजे साध्वी; लोक त्यांना माताजी म्हणतात. तेव्हापासून ती चालत होती. पायात काही नाही, अंगावर एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी आणि लाकडी कमंडलू. घर नाही, पिशवी नाही, फोन नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर एका गावात दोन-चार दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही. दीक्षेआधी तिनं सगळं वाटून टाकलं, त्यातलं बरंचसं माझ्याकडं आलं. सायकल, हिरवी छत्री, कॉलेजात घालायची तो राखाडी स्वेटर. तिचं सामान माझ्याकडं आलं आणि ती हलकी होऊन निघून गेली, असं मला तेव्हा वाटायचं.

दिवसातून एकदा खायचं, एकदाच पाणी प्यायचं, तेही तेव्हाच, ओंजळीत. आणि ते कुणाच्या घरी घ्यायचं, याचीही एक अट सकाळी देवासमोर मनातल्या मनात धरायची. तीच विधी. दारात दोन नारळ घेतलेलं जोडपं दिसलं तर, किंवा लिंबू दिसलं तर, किंवा आणखी काही. ती कुणाला सांगायची नाही. गावातले लोक आपापल्या दारात कलश, फळं, काय-काय घेऊन उभे राहतात आणि हाका घालतात. मनातली खूण दिसली तर माताजी थांबतात. नाही दिसली तर गल्ल्या फिरून देवळात परत जातात. त्या दिवशी उपास. पाणीसुद्धा नाही.

तिच्याबरोबर चालणाऱ्या संघातल्या बाकीच्या माताजींना रोज मिळत होती. अक्काला आदल्या दोन्ही गावांत नाही. आणि मार्च संपत आला होता. डांबर दुपारी चिकटायचं पायाला.

“तू जेवलीस का?” मी आवाला विचारलं.

“तिनं घेतल्याशिवाय कसं जेवू?”

“आवा, तुझी शुगर. गोळ्या?”

“उपाशीपोटी गोळी घेऊ नये, डॉक्टरच म्हणालेत.” असं म्हणून तिनं ट्रंकेचं कुलूप काढलं, जसं काही डॉक्टर तिच्या बाजूचे होते.

गेली सहा वर्षं आवा अक्काच्या मागनं फिरत होती. संघ जिथं जाईल तिथं टेम्पोनं पुढं जायचं, कुणाच्या तरी घरात जागा मागायची, शेणानं सारवायचं, जातं मांडायचं, विहिरीचं पाणी आणून गाळायचं, चौका लावायचा. चौका म्हणजे सोवळ्यात केलेला स्वैपाक, माताजींना द्यायचा. अक्का मात्र तिच्या दारात अजून एकदाही थांबली नव्हती. नेमगोंडाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या घरी ती वर्षातनं महिनाभर राहायची, तेही पाहुण्यासारखी. माझ्या बाळंतपणाला आली ती अकराव्या दिवशी निघाली. “संघ निपाणीकडं वळलाय,” म्हणाली. एक लेक उपाशी, दुसरी बाळंतीण. कुठलीही आई उपाशीकडंच जाईल.

आणि आता संघ माझ्या सासरच्या गावी येत होता. उमळगावात दोन सकाळी मुक्काम, मग पुढं.

पहिल्या दिवशी मी दारात नव्हतेच. अंगावर पाजणाऱ्या बाईनं आहार द्यायचा नाही, असा आमच्यात नियम आहे. म्हणून दारात आवा, शीतल आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी हातात ऊस घेतला होता. शीतलच्या हातात नारळ, त्यावर लिंबू, आणि आवाच्या हातात कलश, कलशावर आंब्याची पानं, पानांवर पिवळी शेवंती. अक्काला लहानपणी शेवंती आवडायची.

“काल मोगरा होता, त्याच्या आदल्या दिवशी जास्वंद,” आवा म्हणाली. “शेवंती राहिली होती.”

“फुलावरनं ठरत असेल होय?” आत्या कुजबुजल्या. “मनात काय धरलंय ते केवळी भगवानालाच ठाऊक.”

“पोटच्या पोरीचं मन मला ठाऊक नसंल?”

मी खिडकीतनं बघत होते. समोरच्या ओळीतल्या चौगुल्यांच्या दारात तर सगळं घरच उभं. सुनेच्या हातात डाळिंब, तिच्या नवऱ्याच्या हातात पेढ्याचा बॉक्स, म्हातारीच्या हातात आरसा. आरसा कशाला, कुणास ठाऊक. आणि त्या सगळ्यांच्या मधनं अक्का आली. खाली बघत, पिंछी कोपरात धरलेली. मी तिला वर्षानं बघत होते. गालाची हाडं वर आली होती. ओठांना भेगा.

“हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि! अत्र तिष्ठ, तिष्ठ! आहारजल शुद्ध आहे!” आवाचा आवाज सगळ्यांच्या वर. कुणी बुडताना हाक मारावी, तसा.

अक्का आमच्या दारापुढं आली. क्षणभर नजर वर केली. आवाला बघितलं. आणि पुढं गेली.

आवा कलश तसाच धरून उभी राहिली. गल्ली रिकामी झाली तरी. शेवटी आत्यांनीच तिच्या हातातनं तो सोडवून घेतला.

दुपारी मी बाळीला घेऊन देवळात गेले. संघाचा मुक्काम मागच्या खोल्यांत होता. अक्का पाटावर बसली होती, भिंतीला न टेकता. मी हातभर लांब बसले. आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो, ते आठवू नये म्हणून मी फरशीकडंच बघत होते.

“वंदामि, माताजी.”

तिनं पिंछी उचलून आशीर्वाद दिला. बाळीनं मोरपिसांकडं हात केला. अक्का हसली. बाळीला घ्यायला मात्र हात पुढं केले नाहीत.

“नाव काय ठेवलं?”

“अजून बाळीच म्हणतो. अक्का, विधी काय धरलीयस?”

“अक्का कुठाय इथं?” ती शांतपणे म्हणाली. रागावली नव्हती.

“बरं, माताजी. सांगू नका. पण बदलता तर येईल? उद्या दुसरी धरा. सोपी. नारळ धरा. नारळ गावात सगळ्यांच्याच हातात आहे.”

“मग ती विधी कशाची? बाजार झाला तो.”

“चार दिवस होतील उद्या.”

“होऊ देत. माझं काही अडत नाही.”

“आवाचं अडतंय.” मला रडू आवरेना. बाळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. “ती पण जेवत नाही. गोळ्या बंद आहेत. सकाळी भिंत धरून उठली. तुमचं ते तप असेल. तिचं काय आहे?”

पिंछीचं एक पीस दुसऱ्यात अडकलं होतं, ते अक्का सरळ करत राहिली.

“गुडघे कसे आहेत त्यांचे?” तिनं विचारलं.

“तुम्हीच विचारा की.”

“मी विचारलं तर पुढच्या गावी दोन ट्रंका जास्त येतील.”

मला हसू आलं, रडतारडताच. ती हसली नाही.

“आता जा,” ती म्हणाली. “हिला भूक लागलीय. हाताची मूठ चोखतेय बघ कधीपासनं.”

घरी आले तर आवा जात्यावर बसलेली. एका हातानं दळत होती, दुसरा हात जमिनीवर टेकलेला. घामानं कपाळ भिजलेलं, आणि बोटं थरथरत होती.

“सरक, मी दळते.”

“तुला चालत नाही.”

“मग आत्या दळतील.”

“काय म्हणाली ती?”

मी सांगितलं नाही. म्हटलं, “काही नाही, बाळीचं नाव विचारलं.”

“बाळीचं नाव,” आवा दळता दळता म्हणाली. “म्हणजे मनात बाळी आहे.” जातं थांबलं. तिचे डोळे चमकले. “चंदू, बाळाचं काहीतरी असंल. खुळखुळा! उद्या कलशावर खुळखुळा ठेवू.”

तिच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवानं मला काम दिलं. “तू दारात नको. कोपऱ्यावर उभी राहा, पिंपळाच्या पाराजवळ. कुठल्या गल्लीला वळतात बघ आणि हात कर. खालच्या गल्लीला वळली तर आम्ही मागनं जाऊन बिरनाळ्यांच्या दारात उभं राहू.”

“आवा, तुला उभं राहवतंय का?”

“राहवतंय.”

बाळी नुकतीच झोपली होती. माजघरात झोळी बांधलेली, जुन्या नऊवारीची. मी दोन हलके झोके दिले आणि निघाले. झोप गाढ होती. लवकर उठायची नाही, असं वाटलं.

पारापाशी उन्हाचा चटका होता. संघ देवळातनं बाहेर पडला. एकेक माताजी एकेका गल्लीला लागली. अक्का सगळ्यांत शेवटी. पायरी उतरताना तिनं कठड्याला हात लावला. उतरली, क्षणभर थांबली, आणि आमच्याच गल्लीला वळली.

मी हात केला. लांब, आमच्या दारात, शीतलनं मान हलवली. आवानं कलश छातीपर्यंत उचलला. खुळखुळ्याचा लाल रंग मला तिथनं दिसला.

आणि बाळी रडली.

दारं सगळी सताड उघडी होती, गल्ली चिडीचूप. माझ्या पोरीचा आवाज मी कुठंही ओळखला असता. आधी कुरकुर, मग एकदम टाहो. माझा पान्हा फुटला, पोलकं भिजलं. पण आहाराला निघालेल्या माताजींना ओलांडून पुढं पळायचं नसतं. घराला जायला दुसरी वाट नव्हती. मागचं दार गोठ्याकडनं, आणि गोठ्याचा बोळ आमच्या घराच्या पलीकडं. मी, मधे अक्का, आणि पलीकडं माझं रडणारं लेकरू.

मी अक्काच्या मागनं चालायला लागले, ती चालेल तेवढ्याच वेगानं. ती सावकाश पाऊल टाकत होती. जमिनीवर मुंगी नाही ना हे बघून. तिच्या टाचा फुटल्या होत्या. कॉलेजात ती माझ्या चपला घालून जायची आणि मी भांडायचे. पहिलं घर मागं पडलं. “वंदामि, वंदामि!” दुसरं. चौगुल्यांची म्हातारी आज दिवा घेऊन उभी होती. तेही मागं पडलं.

बाळीचं रडणं मधेच तुटलं.

थांबलं असतं तर बरं वाटलं असतं. थांबलं नव्हतं, दाबल्यासारखं झालं होतं. गुदमरल्यासारखं. मी आवाकडं बघितलं. तिनंही ते ऐकलं होतं. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. अक्का दोन घरांवर आलेली. सहा वर्षं त्या बाईनं पाऊस, ताप, गुडघे कशासाठीही हातातला कलश खाली ठेवला नव्हता. नेमगोंडाच्या लग्नातही ती मुहूर्ताला उशिरा आली होती, चौका उरकून.

“हे माताजी...” आत्यांनी सुरू केलं.

आवानं कलश उंबऱ्यापाशी खाली ठेवला. खुळखुळा कलंडला, घरंगळत पायरीवर आला. ती वळली आणि आत पळाली. गुडघे धरून चालणारी बाई पळाली.

मी तेव्हा गल्लीच्या दुसऱ्या कडेला होते, अक्काच्या जवळजवळ बरोबरीला. मला तिची एकच बाजू दिसत होती. तिनं मान वर केली. बघितलं. आणि तिचे पाय थांबले.

“तिष्ठ, तिष्ठ!” शीतलचा आवाज फाटला. त्याच्यापुढं नुसते जोडलेले हात होते. नारळ कधी खाली पडला, त्याला कळलंही नव्हतं. “आहारजल शुद्ध आहे!”

अक्का थांबली ती थांबलीच. शीतल आणि आत्यांनी तिला तीन प्रदक्षिणा घातल्या, धडपडत. चौगुले ओरडले, “मिळाली! मिळाली विधी!” अक्का आमचा उंबरा ओलांडून आत गेली आणि मी बोळातनं गोठ्याकडं पळाले.

मागच्या दारात आवा बाळीला खांद्यावर घेऊन पाठ चोळत होती. बाळीचं तोंड लालबुंद, पण श्वास चालला होता. आवाच्या सोवळ्याच्या साडीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, आंबट दूध ओघळलेलं.

“झोळीचा काठ तोंडावर आला होता,” ती म्हणाली. “काढला मी.”

मी खालीच बसले. बाळीला घेतलं, छातीशी लावलं. ती हुंदके देत देत प्यायला लागली.

“ती पुढं गेली?” आवानं विचारलं. “गेली ना?”

“आवा, ती आत आलीय.”

तिला कळलंच नाही आधी. मग आतनं पाट सरकवल्याचा आवाज आला. आत्यांचा आवाज: “मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी...” आवा उठली, दाराकडं निघाली आणि मधेच थांबली. स्वतःच्या साडीकडं बघितलं. ओकलेल्या साडीनं चौक्यात पाय टाकता येत नव्हता. आंघोळ करून सोवळं नेसेपर्यंत सगळं उरकलं असतं. सहा वर्षं वाट बघितलेली लेक तिच्याच धाकट्या लेकीच्या घरात जेवायला बसली होती आणि मधे एक दार होतं.

“फटीतनं बघ,” ती कुजबुजली. “काय घेतीय?”

मी बाळीला पाजत पाजतच फटीला डोळा लावला. “पाणी. शीतल पाणी घालतोय ओंजळीत.”

“किती?”

“घेतीय अजून.”

“कोमट केलंय ना? ती थंड...” आवाचा आवाज भरून आला.

“आवा, शू!” मी तिचा हात धरला. रडण्याचा आवाज कानावर पडला तर माताजी ओंजळ सोडतात. तिथंच संपतं, तो दिवसही उपासाचा. आवाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. खांदे गदगदत होते, आवाज नव्हता. मी बाळीला सोडवायची हिंमत करत नव्हते. एका बाजूचं संपलं होतं, ती कुरकुरायला लागेल या भीतीनं मी तिला अलगद दुसऱ्या बाजूला घेतलं.

“दूध घेतलं,” मी सांगत होते. “आता भाकरी. आत्या कुस्करून देतायत. मुगाची आमटी... घेतली. आणखी भाकरी. शीतल घासात केस बघतोय, मुंगी बघतोय, सगळं बघतोय.”

आवा बोळा तोंडात धरूनच मान डोलवत होती. प्रत्येक घासाला.

कितीतरी वेळानं आत चूळ भरल्याचा आवाज आला. आवानं पदर तोंडातनं काढला. तिथं दातांचे ठसे उमटले होते.

अक्का अंगणात आली तेव्हा निम्मं गाव दारात होतं. तिच्या चेहऱ्यावर पाण्याचा तजेला आला होता. आवा लांब, तुळशीच्या पलीकडं, त्याच डागाळलेल्या साडीत हात जोडून उभी राहिली.

“माताजी,” ती म्हणाली. “आज माझ्या लेकीचं घर पावन झालं. मला काहीतरी नियम द्या.”

आहार झाल्यावर घरच्यांनी माताजींकडनं एखादा नियम घ्यायचा, काहीतरी सोडायचं, ही आमच्याकडची रीत आहे.

“काय सोडणार?” अक्कानं विचारलं.

“सांगाल ते. गूळ सोडते. तूप तर कधीच सोडलंय.”

“तुमच्या खाण्यात सोडण्याजोगं राहिलंय काय?”

दारात कुणीतरी हसलं. अक्का हसली नाही. अंगणात कडेनं मांडलेल्या ट्रंकांकडं तिनं बघितलं. जात्याकडं बघितलं.

“लोक म्हणतात, मी नुसती पिंछी-कमंडलू घेऊन चालते,” ती हळू म्हणाली. “खोटं आहे ते. माझ्या मागनं पाच ट्रंका आणि एक जातं चालतंय.”

आवा बघतच राहिली.

“माझ्यासाठी म्हणून केलेलं मला घेता येत नाही. तुम्हाला माहीत आहे हे. घरच्यांसाठी केलेल्यातलं चार घास, तेवढंच माझं.”

“मग तुला...” आवा थांबली, सावरली. “तुम्हाला घालणार कोण?”

“आज कोणी घातलं?”

शीतल आपल्या हातांकडं बघायला लागला, ते त्याचे नसल्यासारखं. माझ्या खांद्यावर बाळीनं ढेकर दिली.

“आम्ही पावसाळ्यात चार महिने एका जागी राहतो,” अक्का म्हणाली. “तुम्ही आजपासनं धरा. चार महिने.”

“कुठं?”

“आज जिथं सोवळं मोडलं तिथं.”

आवाचे ओठ हलले. ती नाही म्हणेल असं मला वाटलं. मी तिला ओळखत होते. एकदा संघाच्या आचार्यांनी ‘आवा, आता घरी जा’ म्हटल्यावर ती ‘बरं’ म्हणून पुढच्या गावी हजर झाली होती. पण नियम म्हणजे नियम. घेतला की मोडायचा नाही, जीव गेला तरी. अक्कालाही ते ठाऊक होतं. आवाला बांधायचं तर तिच्याच दोरानं बांधावं लागणार होतं.

“घेतला,” आवा म्हणाली. मग म्हणाली, “आणि गोळीसुद्धा घेते.” अक्कानं ते विचारलंच नव्हतं.

अक्कानं पिंछी उचलली. निघाली. तुळशीपाशी आली तेव्हा तिचं पाऊल जरा थबकलं, आणि आवाच्या साडीवरच्या त्या ओल्या डागाकडं तिनं बघितलं. मग गेली.

उन्हं कलल्यावर संघ पुढं निघाला. आम्ही वेशीपर्यंत गेलो. टेम्पोवाला आवाला बघून थांबला.

“आवा, ट्रंका कुठायत? चढवायच्या न्हवं?”

“नको.”

“मग काय पोचवायचं असंल तर द्या. माताजींसाठी.”

आवानं दोन्ही हात पुढं केले आणि मग त्यांच्याकडंच बघत राहिली. सहा वर्षांत ते पहिल्यांदा रिकामे होते. कुठं ठेवावेत ते तिला कळेना. पदराला पुसले, पुन्हा सोडले.

“काही नाही,” ती म्हणाली.

पांढऱ्या साड्यांची रांग उसाच्या फडामागं दिसेनाशी झाली. मी बाळीला आवाच्या हातात दिलं. या वेळी तिनं हात धुवायचं काढलं नाही.

विधी काय होती, हे अक्कानं कधी सांगितलं नाही. आत्यांनी देवळात जाऊन विचारलं, तर म्हणाली, “मिळाली, एवढंच.” गावात मात्र ठरूनच गेलं: उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवलेला कलश. पुढं कधीही संघ आला की उमळगावात निम्म्या दारांत कलश जमिनीवर असतात, आणि चौगुले त्याच्या शेजारी खुळखुळाही ठेवतात. आवा आजही तेच सांगते. “जमिनीवरचा कलश धरला होता पोरीनं. मला सहा वर्षं सुचलं नाही.”

मी तिला कधी अडवत नाही. पण गल्लीच्या त्या बाजूला मी एकटीच उभी होते. अक्कानं कलशाकडं बघितलं नव्हतं. ती रडणाऱ्या नातीकडं पळणाऱ्या आवाच्या पाठीकडं बघत होती, आणि तेव्हा तिचे पाय थांबले होते.

चार महिने संपले तेव्हा आवा ट्रंका आवरायला बसली होती. बाळी रांगत आली आणि उघड्या ट्रंकेत जाऊन बसली. आवानं झाकण लावायची वाट बघितली. बराच वेळ. मग ट्रंका माळ्यावर गेल्या. आता एकीत बाळीची पहिलीची, दुसरीची पुस्तकं आहेत. अक्का कुठं असते ते कुणीकुणी फोन करून कळवतं. यंदा लांब आहे, बुंदेलखंडाकडं. वर्षातनं एकदा आवा दर्शनाला जाते, खांद्याला एक कापडी पिशवी लावून. दर्शन घेते आणि उलट पावली परत येते.

सकाळी दहाच्या सुमाराला मी तिचं ताट वाढते. ती गोळी घेते, घास मोडते आणि थांबते. रोज. दाराकडं कान लावून. धाकटा माझ्या मांडीवर चुळबुळ करत असतो, पण मीही थांबते.

“तिचा आहार झाला असंल आता,” आवा म्हणते, आणि घास तोंडात घालते.